कारभाऱ्यांची बाग

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव सांगणाराही आता कोणी उरलेला नाही.

त्या राज्याला एक कारभारी होते; त्यांनी तीस वर्षे डोळ्यांत तेल घालून कारभार केला. कोणती विहीर कुठे खणायची, कोणता रस्ता कुठे वळवायचा, सगळे त्यांच्या हुकमाने चाले. पण तीस वर्षे उघडे राहिलेले डोळे पुढे मिटायलाच विसरले. रात्री झोप नाही, दुपारी डुलकी नाही. अंगावरचे मांस झडू लागले.

वैद्यांनी नाडी पाहिली आणि स्पष्टच सांगितले, "माझ्याकडचे काढे संपले. गावी जा, घराभोवती बाग करा, तिथे निवांत पडा. झोप परत आली नाही, तर पुढची दिवाळी काही तुम्ही पाहत नाही."

कारभारी बायकोला घेऊन गावच्या घरी आले. आल्या आल्या त्यांनी राजवाड्याचे माळी बोलावले. महिन्याभरात अंगणाचा कायापालट झाला. दोरी लावून आखलेल्या वाटा, एका उंचीत छाटलेली मेंदी, सैनिकांसारखी रांगेत उभी केलेली गुलाबाची झाडे.

कारभारी बागेत जाऊन बसले. वाटेवर एक पान पडले होते, ते उचलायला उठले. पुन्हा बसले. मेंदीची एक फांदी वर आलेली दिसली, कात्री मागवली. बुलबुलांनी कळ्या खाल्ल्या, म्हणून पाखरे हाकायला माणूस ठेवला. मग तो माणूस नीट हाकतो की नाही, हे पाहत बसले. आता याला विसावा म्हणायचे असेल तर म्हणा बापडे!

शेवटी त्यांच्या बायकोने गावातल्या राही माळणीला बोलावले. राही म्हातारी होती. तिने बाग पाहिली, मग कारभाऱ्यांचे तारवटलेले डोळे पाहिले.

"धनी, रोज दुपारी बाज नव्या जागी टाका," ती म्हणाली. "जितं तुमचा डोळा लागंल, तितं बाग करू."

कारभारी हसले. पण जिवाची भीती होतीच. पहिल्या दिवशी बाज आंब्याखाली टाकली, तर ते कैऱ्या मोजत बसले. विहिरीजवळ टाकली, तर रहाटाची करकर ऐकून सुताराला निरोप धाडला. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी जागाच उरली नाही, तेव्हा बाज परसात गेली.

तिथे न्हाणीचे पाणी वाट फुटेल तिकडे जाई. त्यावर अळू माजला होता, कर्दळ फोफावली होती. आपोआप उगवलेला एक शेवगा वाकून भिंतीला टेकला होता. तिथले काहीच कारभाऱ्यांनी सांगून झालेले नव्हते, त्यामुळे तपासायलाही काही नव्हते. त्यांचा डोळा लागला तो थेट दिवेलागणीला उघडला.

पण जित्याची खोड ती. जागे होताच त्यांनी गवंड्याला बोलावले.

"जागा नामी आहे, जरा नीटनेटकी करू. पाण्याला दगडी पन्हळ बांधा. अळू काढून केळी लावा, सारख्या अंतरावर. आणि तो वाकडा शेवगा तोडा."

"धनी, नका हात लावू," राही म्हणाली. "हितं कुनाचा हात न्हाई, म्हनून तुमाला झोप आली."

त्यांनी ऐकले नाही. चार दिवसांत काम झाले. कारभारी मोठ्या हौसेने बाजेवर आडवे झाले. तिसरी केळ त्यांना किंचित डावीकडे वाटली. ते उठून बसले.

त्या दिवसापासून झोप पुन्हा गेली. अंगात ताप भरला. वैद्य आले, नाडी पाहिली आणि औषधाची पिशवी न उघडताच उठले. त्याचा अर्थ कारभाऱ्यांना समजला, आणि आता मात्र ते पुरते घाबरले.

त्यांनी राहीला बोलावून हात जोडले. "बाई, होते तसे परत लावून दे."

"ते लावता येत न्हाई, धनी. ते मी लावलंच नव्हतं. पन्हळ फोडा, पानी मोकळं सोडा. आनि पाऊस सरंपतुर तिकडं फिरकू नका. कायबी सांगायचं न्हाई, कायबी इचारायचं न्हाई."

"तोवर मी टिकेन का?"

"त्ये मला ठावं न्हाई," राही म्हणाली.

कारभाऱ्यांनी पन्हळ फोडायला लावली. तो त्यांचा शेवटचा हुकूम. मग ते माजघरात पडून राहिले. पाऊस आला. बायको परसातून येई, उशाशी बसे आणि काय उगवले ते सांगे. सुरुवातीला त्यांच्या ओठांवर हुकूम येई आणि ते तो महत्प्रयासाने गिळत. पुढे गिळावा लागेना.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, अळू केळीच्या मुळाशी घुसलाय. कर्दळ तर वाटेवरच आलीय. शेवग्याच्या बुंध्याला फुटवा आलाय, पण तोही वाकडाच निघालाय."

"येऊ दे," कारभारी म्हणाले.

ती आणखी काही सांगणार होती. तिने पाहिले तर त्यांचा श्वास संथ चालला होता. पुन्हा माजलेले ते परस अजून त्यांनी पाहिलेही नव्हते, आणि ते गाढ झोपले होते. ती माउली पदर तोंडाला लावून रडली, पण आवाज होऊ दिला नाही.

कारभाऱ्यांनी ती दिवाळी पाहिली, आणि त्यानंतरच्याही कितीतरी पाहिल्या.

तात्पर्य : बाग हाताने लावता येते, पण विसावा हात काढून घेतल्यावरच उगवतो.