अंगठ्याचा जोर

एका नदीकाठच्या गावी एकदा एक अत्तराचा व्यापारी वैद्यांच्या दारी आला, तो कपाळाला उपरणे करकचून बांधूनच. सर्दी ओसरली होती, पण नाक चोंदलेले होते, भुवयांमागे ठणका लागला होता, आणि खाली वाकले की गालांत शिसे ओतल्यासारखे जड वाटे. दुसऱ्या दिवशी केवड्याच्या अत्तराचे विक्रेते येणार होते. अस्सल कोणते आणि भेसळीचे कोणते, हे तो केवळ नाकाने ठरवीत असे. त्या नाकाला आज हिंगाचाही वास येत नव्हता.

वृद्ध वैद्यांनी अंगात ताप नाही, डोळ्यांभोवती सूज नाही, याची खात्री करून घेतली. मग वाफारा दिला आणि शिष्याला म्हणाले, "आज तू चोळ."

या शब्दांची शिष्य केव्हापासून वाट पाहत होता. तो तालमीत वाढलेला. पहिलवानांची अंगे रगडून त्याचे अंगठे लोखंडासारखे झाले होते, आणि तालमीत एक समज पक्का होता: हाताखालचा गडी कण्हला, की नेमकी जागा सापडली. त्याने व्यापाऱ्याच्या नाकपुड्यांशेजारी अंगठे रोवले. व्यापारी कण्हला. शिष्य खूश झाला आणि त्याने आणखी जोर लावला.

"अरे, नाक मोकळं करतोस की उपटून घेतोस?" व्यापारी ओरडतच उठला. "वैद्यबुवा, हा गडी आधी म्हशी धूत होता काय?" आणि तो तडक दाराकडे निघाला.

शिष्याचे तोंड उतरले. आता आपल्याला परत तालमीचा रस्ता दाखवतील, असे त्याला वाटले.

वैद्य मात्र शांत होते. "शेठजी, जाण्याआधी एवढं करा. याने जितका जोर लावला, तितकाच याच्या गालांवर लावून दाखवा. बस रे पाटावर."

शिष्य चक्रावला. आपले नाक तर धडधाकट आहे! शेठजींनी मात्र आनंदाने बाह्या सारल्या. त्यांचे अंगठे हाडाच्या कडेला रुतले, तसा शिष्य कण्हला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले.

"बरं वाटलं?" वैद्यांनी विचारले.

"नाही."

"कण्हलास तर खरा."

शिष्याने आपल्याच अंगठ्यांकडे पाहिले.

"आता शेठजी, तुम्हाला कसं हवं होतं, ते दाखवा."

शेठजींचा राग एव्हाना निवला होता. त्यांनी तळहात एकमेकांवर घासून ऊब आणली. बोटांची टोके गालाच्या हाडाखाली टेकवली आणि लहान लहान फेरे घेत ती कानाकडे नेली. मग भुवईच्या आतल्या टोकापासून कानशिलापर्यंत. कानात अत्तराचा फाया ठेवताना बोटांना जेवढा जोर लागतो, तेवढाच.

वैद्य म्हणाले, "पहिलवानाची मांडी जोर मागते, तिथे तुझं चुकत नव्हतं. इथे कातडीखाली लगेच हाड आहे, आणि आतली जागा आधीच सुजून भरलेली. तिला वाट करून द्यायची, चीत करायचं नाही. आणि जोर किती हवा, हे तुझ्या अंगठ्याला एकट्याला कधीच कळणार नाही. ज्याचा गाल आहे, त्याला ते ठाऊक असतं. त्याला विचारत जा."

शिष्याने हात ऊन केले आणि म्हणाला, "शेठजी, आणखी एकदा बसाल?"

"बसतो. पण नाक माझं आहे, हे ध्यानात ठेव!"

"इतकं चालेल?"

"जरा हलकं... हां. थोडं वर. हां, तिथेच."

बऱ्याच वेळाने व्यापाऱ्याने जोरात नाक शिंकरले. कपाळावरची आठी सैल झाली. मग त्याने मान वर केली आणि हळूच हुंगले. "वैद्यबुवा, आत मेथीला लसणाची फोडणी पडली काय?"

"पडली खरी," वैद्य हसले. "सकाळी पुन्हा वाफारा घ्या. केवडा ओळखाल."

शिष्याला त्या फोडणीचा पत्ताच नव्हता. त्याचे सारे लक्ष बोटांच्या टोकांशी होते.

"आता दुसरी बाजू घेऊ का?" तो विचारत होता.