तळ्यातले चाळीस स्वार

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. राज्याच्या सीमेवर एका मांत्रिकाचे तळे होते आणि तळ्याच्या मधोमध, खडकावर, शापित मोत्यांची पेटी होती. तिथल्या म्हाताऱ्या नावाड्याने राजाला बजावले होते, "पेटीला हात लागताच सोबतचे सारे दगड होतात. जायचेच तर एकट्याने जावे."

राजाने हे कोणालाच सांगितले नाही. चाळीस स्वार घेऊन तो पाण्यात उतरला आणि पेटी घेऊन एकटाच परतला. स्वार घोड्यांसकट पाषाण झाले.

बारा वर्षे भाट दरबारात महाराजांचे साहस गात राहिले.

तेराव्या वर्षी रेवाई दरबारात आली. तिचा नवरा सिदोजी त्या स्वारांचा निशाणधारी होता. ती म्हणाली, "महाराज, तळे चढते आहे. माझा धनी छातीपर्यंत बुडाला. तिथला पाणकावळा तुम्हाला बोलावतो."

राजा रेवाईसोबत तळ्यावर गेला. पाणकावळा खडकावर बसला होता. तो म्हणाला, "राजा, त्या दिवशी तू केलेस त्याला काय म्हणतात? तीनदा विचारीन."

"पराक्रम," राजा म्हणाला. पाणी स्वारांच्या खांद्यांना लागले.

"काय म्हणतात?"

"साहस." पाणी ओठांना लागले.

रेवाई हळू आवाजात म्हणाली, "साहस माझ्या धन्याने केले, महाराज. समोर काय आहे ते ठाऊक नसता तो तुमच्यामागे आला. तुम्हाला ठाऊक होते का?"

पाणकावळ्याने तिसऱ्यांदा विचारले. राजाने डोक्यावरचा मंदिल उतरवला.

"ठाऊक होते," तो म्हणाला. "एकटा गेलो असतो तर पाहणारे कोणी नसते, म्हणून चाळीस जीव पणाला लावले. ते दुःसाहस होते."

पाणी ओसरले. दगडांची कातडी झाली, घोडे फुरफुरले. सिदोजी निशाण घेऊन काठावर आला. त्याचे वय एका दिवसानेही वाढले नव्हते. रेवाईच्या पांढऱ्या केसांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने निशाण खाली ठेवले आणि तिचा हात धरला.

राजाने पेटी तळ्याला परत केली. पुढे त्या राज्यातून जी जी स्वारी निघाली, तिच्याआधी राजा स्वतः चौकात उभा राहून धोका सांगे, आणि मगच विचारी, "कोण येतो?"