घरं पांघरलेली झाडं

रेवे, ओढू नकोस तिचं पांघरूण! आणि शाल्मली, तू भोकाड पसरू नकोस. दोघी गप पडा, तर सांगते.

तर काय झालं, लांब तिकडे अमेरिकेत समुद्राएवढं एक तळं होतं. गोड्या पाण्याचं, बरं का. त्याच्या काठी ओडावा लोकांचं गाव होतं. घरं सगळी भूर्ज नावाच्या झाडाच्या सालीची. बर्फ वितळायला लागला की बायका मेपलच्या राईत जायच्या. झाडाला बोटभर चीर द्यायची, खाली सालीचा द्रोण ठेवायचा. थेंब थेंब गोड पाणी गळायचं. ते आटवलं की साखर! पण पहिली मूठ झाडांना ठेवायची, मग आपण खायची.

गावात दोघी बहिणी होत्या. थोरली वासेया, धाकटी मिग्वान. दोघींची झाडं शेजारी शेजारी. पण मिग्वानची साखर अशी सुरेख व्हायची, की पोरं तिच्याच दारात. झाडांना ठेवायचीसुद्धा तिचीच मूठ. झालं! वासेयाच्या पोटात दुखायला लागलं. "मी काय कमी राबते? मेलं हिचंच कौतुक!"

मग एका वर्षी तिनं मिग्वानचे द्रोण लवंडून दिले. झाडांनी ते परत भरले. पुढच्या वर्षी तिच्या चुलीत ओली लाकडं सारली. धूरच धूर झाला, पण साखरेला असा खमंग वास लागला, की लोक बोटं चाटत बसले. वासेयाचा नुसता जळफळाट! तिला जेवण गोड लागेना.

तिसऱ्या वर्षी भर दुपारी, सगळ्या जेवायला गेल्यावर, तिनं कुऱ्हाड घेतली. मिग्वानच्या सगळ्यात जुन्या झाडाची साल चहूबाजूंनी गोल कापली. अगं, चीर दिली तर झाड जगतं, अशी गोल कापली तर मरतं. हिला का ठाऊक नव्हतं? सगळं ठाऊक होतं मेलीला.

मग काय! झाडाच्या अंगातून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. मग शेजारचं झाड रडायला लागलं. मग त्याच्या शेजारचं. जमिनीखाली सगळ्यांनी एकमेकांची मुळं धरली होती ना! वासेयाची झाडंही त्यात आलीच. अख्खी राई मरायला टेकली.

वासेया घाबरली. धावत घरी गेली, आपल्या घराची साल उतरवली नि त्या जखमेवर गुंडाळून बांधली. ते झाड थांबलं. बाकीची रडतच होती, आणि हिची साल संपली. तेवढ्यात गाव जमलं.

"मी केलं," वासेया हुंदके देत म्हणाली. "मला हिचं बघवत नव्हतं."

"तुझं तोंड बघणार नाही पुन्हा!" मिग्वान ओरडली आणि तरातरा निघून गेली. परत आली ती आपल्या घराची साल डोक्यावर घेऊन. फुरंगटलेलीच होती. तशीच म्हणाली, "धर ते टोक, ताई."

मग सगळ्या गावानं आपापली घरं उतरवली. एकेका झाडाला पांघरूण घातलं. झाडं वाचली गं, पण गावात एक घर उरलं नाही. मग लोक नव्या सालीसाठी होड्यांत बसून पलीकडच्या काठाला गेले, नवी घरं बांधून सुखानं राहिले. दोघी बहिणींनी एकच घर बांधलं. साखरेला मात्र दर वर्षी जुन्या राईतच यायच्या, आणि पहिली मूठ दोघींची मिसळून ठेवायच्या. आज तिथं शोधलंत ना, तर घर सापडायचं नाही. नुसती झाडं.

हं. रेवे, ते टोक टाक बघू तिच्या अंगावर. पुरतंय की दोघींना! मिटा आता डोळे.