चाचांचे दोन फोटो

"मग चाचा, घरी छापलेला चांगला, का ऑनलाइन मागवलेला?"

विश्रामने दोन्ही फोटो हसनचाचांच्या हातात दिले. दोन्ही चाचांचेच. उद्या विश्रामच्या नव्या स्टुडिओचं उद्घाटन होतं आणि काउंटरमागच्या भिंतीवर त्याला गुरूचा फोटो लावायचा होता.

खरं तर त्याला हवी होती शाबासकी. चाचांच्या डार्करूममध्ये त्याने दहा वर्षं काढली, पण त्या बाबतीत म्हातारा पक्का चिक्कू.

मग विश्रामच आपली टिमकी वाजवू लागला. मागवलेला फोटो तीन दिवसांत दारात आला. कागद जाड, रंग पक्के, आणि पडला स्वस्त. पण ऑनलाइनवाल्यांच्या मशीनने सुरकुत्या पुसून चाचांना पार नवरदेव करून टाकलं होतं. घरचा त्याने स्वतः छापला. कधी चेहरा पिवळा पडला, कधी शाई पसरली. अकरा कागद वाया गेले, तेव्हा कुठे बारावा मनासारखा उतरला.

चाचांनी एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ पाहिला.

"झकास."

विश्राम फुलून गेला... आणि मग त्याचं लक्ष गेलं. कागदाची कोरी बाजू चाचांकडे होती.

"चाचा... कधीपासून?"

"दिवाळीपासून. उजेड कळतो, चेहरे नाही कळत. डॉक्टर म्हणाले, आता इलाज नाही."

विश्रामची सगळी ऐट उतरली. याच डोळ्यांनी त्याला सावली बघायला शिकवलं होतं. आज घरात चूल पेटत होती ती त्यांच्याच कृपेने, आणि हे त्याने चाचांना एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. त्याने चाचांचे पाय धरले.

"तुम्हाला दिसतच नाही," तो कसाबसा म्हणाला, "तर मी लावू कुठला?"

चाचांनी त्याला उठवलं.

"तो मागवलास, तेव्हा माझ्या तोंडाकडे किती वेळा बघितलंस?"

"एकदा. बटण दाबण्यापुरतं."

"आणि घरी?"

"बारा वेळा... प्रत्येक वेळी नीट. सुरकुती न् सुरकुती."

चाचांचा हात चाचपडत विश्रामच्या गालापर्यंत आला.

"माझ्या पोटच्या पोरांनीबी एवढं बघितलं नाही, बेटा... आता कुठलाबी लाव."