तिष्याची पेज

पूर्वी वाराणसीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तांडे घेऊन व्यापार करणाऱ्या एका सार्थवाहाच्या घरी मणिभद्र नावाने जन्मला आणि जाणता होताच आचार्य पिंगलांच्या गुरुकुलात शिकू लागला.

तिथली रीत अशी होती. ज्यांच्या घरून दक्षिणा येई ती मुले दिवसा पाठ घेत. ज्यांच्याकडून काही येत नसे ती दिवसभर पाणी भरत, लाकडे फोडत आणि दिवेलागणीला पाठाला बसत. सकाळी मात्र सर्वांना एकच नियम. पाठ म्हणताना जो अडखळला, त्याला पेज नाही. "माझ्याकडे डावं-उजवं नाही," असे पिंगल येता-जाता सांगत. आपल्या न्यायाचा त्यांना कोण अभिमान!

तिष्य हा बुरुडाचा मुलगा लाकडे फोडी. दमलेले पोर दिव्यापुढे पेंगे, सकाळी अडखळे आणि उपाशीच कुऱ्हाड उचली. मणिभद्राला ते बघवेना. तो म्हणाला, "आचार्य, लाकडं आम्हीही आळीपाळीने फोडू."

"तुझ्या वडिलांनी दक्षिणा दिली, ती का लाकडं फोडायला?" पिंगल हसले.

दुसऱ्या दिवशी पाठ सोडून मणिभद्राने तिष्याबरोबर दिवस मावळेपर्यंत कुऱ्हाड चालवली. सकाळी पाठ म्हणायला उभा राहिला तेव्हा तळहातांना फोड होते आणि दुसऱ्याच ओळीला जीभ अडली. सगळ्यांत हुशार मुलगा तो! "याला पेज वाढा," पिंगल चटकन म्हणाले, "आज याला बरं नाहीसं दिसतं."

बोलून गेले, आणि मग त्यांचे त्यांनाच ऐकू आले.

मणिभद्राने वाडगा तिष्यापुढे सरकवला. तिष्याने तो परत लोटला. "मलाही रोज बरं नसायचं, आचार्य," एवढेच तो म्हणाला आणि कुऱ्हाड दाराशी ठेवून निघून गेला.

पिंगलांनी त्याच दिवशी कामे सर्वांत वाटली. बैल गेला नि झोपा केला! ते स्वतः बुरुडाच्या दारी गेले, त्यांनी हात जोडले. तिष्य बांबू सोलत राहिला. त्याने मान वर केली नाही.

ही कथा सांगून तथागतांनी एका स्थविराकडे, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूकडे पाहिले. हा स्थविर आपल्या हाताखालच्या लहानग्या श्रामणेराला, शिकाऊ भिक्षूला, उपाशी राबवीत असे. तथागत म्हणाले, "तेव्हाचा पिंगल तू होतास आणि मणिभद्र मी. नियम सर्वांना एक होता, पण दिवस एक नव्हता. कुणाचा दिवस कसा गेला ते पाहून मगच माप लावावे, हिलाच समदृष्टी म्हणतात."

स्थविराने खाली मान घालून विचारले, "भन्ते, आणि तिष्य?"

"तो बाहेर तुझ्यासाठी पाणी भरतो आहे. आजही उपाशीच आहे."