दोन तुकड्यांमधली जागा

चित्रपट मुके होते तेव्हाची गोष्ट. एकदा एका चित्रपट-कंपनीत एक वृद्ध संकलक होते. फीत कापायची आणि तुकडे चिकटवायचे, एवढेच त्यांचे काम. पण त्या बोटांची कीर्ती मोठी.

एके सकाळी त्यांचा शिष्य करवादतच आला. "गुरुजी, मूल गमावलेल्या आईचा प्रसंग, आणि हौसाबाईंचा चेहरा म्हणजे नुसता दगड! तीन दिवस डोकं फोडलं आम्ही. कंपनीचे शेठ आज फीत बघणार आणि बाईंना घरी बसवणार."

नटी हौसाबाईंच्या पगारावर घरातली पाच तोंडे जगत होती.

गुरुजींनी फीत खिडकीच्या उजेडात धरली. रडण्याचे सगळे प्रयत्न त्यांनी बाजूला सारले. प्रसंग संपल्यावरही कॅमेरा चालवणारी मूठ थोडा वेळ फिरत राहिली होती. तेवढ्या फितीत हौसाबाई फाटकाकडे बघत नुसत्या बसल्या होत्या.

"अहो, तो कचरा आहे!" शिष्य म्हणाला.

गुरुजींनी नेमका तोच तुकडा घेतला, त्याचे दोन भाग केले आणि मधे दोरीवर वाळणाऱ्या झबल्याचे दृश्य जोडले. बस्स, एवढेच.

दुपारी पडद्यावर चेहरा आला, मग झबले, मग पुन्हा चेहरा. शेठ उपरण्याने डोळे पुसू लागले. "काय रडली हो ही बाई! खबरदार हिला काढाल तर!"

हौसाबाईंच्या डोळ्यांत तर टिपूससुद्धा नव्हते! शिष्याने गुरुजींचे पाय धरले. "हे दुःख आलं कुठून?"

"चेहऱ्यात नव्हतं, झबल्यातही नव्हतं," गुरुजी म्हणाले. "दोन तुकड्यांमधे मी जागा सोडली. तिथे शेठनी स्वतःचं दुःख आणून ठेवलं. आपली कला म्हणजे बघणाऱ्यावरचा विश्वास, बाबा."

शिष्य भारावून हसला. "आणि खरं सांगू? हौसाबाई तेव्हा जेवणाच्या डब्याची वाट बघत होत्या."

"असं त्या म्हणाल्या?"

"नाही... पण लगेच डबा आला ना."

"म्हणजे त्या चेहऱ्याला तू डबा जोडलास."

तीन दिवस ज्यांना शिष्य दगड म्हणत होता, त्यांना एका शब्दानेही त्याने काही विचारले नव्हते. तो उठला आणि हौसाबाई बसल्या होत्या तिकडे गेला.

समोरच्या माणसाबद्दल मत बनवण्याआधी त्याच्या चेहऱ्याला आपण काय जोडले आहे, एवढे तपासावे.