उभ्याचा कडा

कुडपेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, कातळ जिथे एकाएकी तुटतो, तिथे एक काळवंडलेला डाग आहे. त्या जागेला उभ्याचा कडा म्हणतात. भाताची रोपे टाकण्याआधी कोकणात सर्वत्र पालापाचोळ्याचा आणि काटक्यांचा राब भाजतात. माणसे भोवती बसून गप्पा मारतात. या वाडीत मात्र राब जळत असताना कोणी बसत नाही. पाहुण्यांनी कारण विचारले की वाडीचे गुरव त्यांनाही आधी उभे करतात, मग सांगतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने या सड्यावर धावपट्टी बांधली होती म्हणे. तिथे एमेट नावाचा सार्जंट एका विमानाची निगा राखीत असे. वैमानिक लेफ्टनंट कार्व्हर निघताना विचारीत, "काय, माझे विमान ठीक आहे ना?"

"विमान माझे आहे, साहेब. तुम्हाला संध्याकाळपर्यंत उसने दिले आहे. ओरखडा पडला तर पुन्हा मिळायचे नाही."

विमान परतेपर्यंत बसायचे नाही, असा एमेटचा नेम होता. सड्यावर राब रचणारी ठकूबाई त्याला चिडवी, "अरे गोऱ्या, बस की जरा! पायांना मुळं फुटतील." शब्द कळत नसत, तरी तो हसे.

एका संध्याकाळी खाडीवरून धुके चढले. यंत्र बिघडल्याने धावपट्टीचे दिवे लागेनात. वर विमान घरघरत घिरट्या घालीत होते. टाकी एमेटनेच भरली होती. तीत आता किती थोडे इंधन उरले असेल, हे तो जाणून होता. त्याने ठकूबाईच्या राबाकडे बोट केले, मग आभाळाकडे. राब गेला तर तिचे रोपांचे वाफे न भाजताच राहणार होते. तिने क्षणभर त्या ढिगाकडे पाहिले.

"घे. पेटव."

साऱ्या वाडीने भारे वाहिले. पट्टीच्या दोन्ही बाजूंना आगीच्या रांगा लागल्या; पण कड्यापाशी पोचण्याआधीच राब सरला. उरला एक भारा. कातळ कुठे संपतो, हे वैमानिकाला कळावे कसे? दिव्यांच्या बिघडलेल्या यंत्राशी झटून एमेटचे कपडे पेट्रोलने ओले झाले होते. त्याने एकदा आपल्या बाह्यांकडे पाहिले, भारा उचलला आणि कड्याच्या टोकावर जाऊन पेटवला.

विमान उतरले. चाके किंचाळत थेट त्याच्याकडे आली. बाहीने पेट घेतला.

"टाक रे तो! टाक!" ठकूबाई ओरडत धावली.

खाली टाकला तर धुक्यात ज्वाळा बुडणार होती. त्याने भारा डोक्यावर धरला. विमान त्याच्यापुढे वीतभर अंतरावर थांबले, असे सांगतात.

ठकूबाईने त्याला घोंगडीत गुंडाळले. तरीही तो बसेना. भाजलेल्या हाताने त्याने विमानाचा पत्रा चाचपला. "ओरखडा नाही, साहेब," धावत आलेल्या कार्व्हरना तो म्हणाला.

"आलं बाबा तुझं विमान," ठकूबाई म्हणाली. "बस आता."

शब्द कळले की नाही, कोण जाणे. तो बसला. पुन्हा उठला नाही.

आजही वाडीतला पहिला भारा कड्यावर पेटतो. शेवटचा निखारा विझेपर्यंत लहानथोर उभे असतात. मग वाडीतली सर्वांत वयस्क बाई आभाळाकडे पाहते आणि म्हणते, "आलं. बसा आता."

तेव्हा कुठे माणसे टेकतात.